पाच प्रकार पाठ आहेत, पण ‘हेअर्स’ काही जात नाहीत

बार्शीत मी सातवी ते दहावीच्या इंग्रजीच्या शिकवण्या घेते. नवीन मूल आलं की त्याला नाऊनचे प्रकार विचारते. बहुतेक जण एका दमात म्हणून दाखवतात: कॉमन, प्रॉपर, कलेक्टिव्ह, मटेरियल, ॲब्स्ट्रॅक्ट. मग दहा ओळी लिहायला सांगितल्या की वहीत उतरतं, ‘माय सिस्टर्स हेअर्स आर लाँग.’

गंमत म्हणजे हीच मुलं मराठीच्या तासाला नामाचे तीनच प्रकार शिकतात: सामान्यनाम, विशेषनाम, भाववाचक नाम. तिथे सोनं सामान्यनामात बसतं आणि पुढच्या तासाला तेच ‘गोल्ड’ मटेरियल नाऊन होतं. मुलं बिचारी दोन्हीकडे मार्क घेतात आणि गप्प बसतात.

माझ्या मते इंग्रजी लिहिताना खरी उपयोगी पडते ती वेगळीच वाटणी: काउंटेबल आणि अनकाउंटेबल, म्हणजे मोजता येणारी नामं आणि न येणारी. आधी ‘अ’ लावायचा का, शेवटी ‘एस’ येणार का, ‘मेनी’ की ‘मच’, ‘इज’ की ‘आर’, हे सगळं त्यावर ठरतं. अडचण अशी की मोजायच्या गोष्टी आपल्या वेगळ्या, त्यांच्या वेगळ्या. आपले केस गळतात, पैसे संपतात, पोहे होतात, तांदूळ निवडले जातात; सगळं अनेकवचनी. इंग्रजीत हेअर, मनी, राइस तिन्हींना ‘इज’. उलट आपली कात्री एक, चष्मा एक, आणि त्यांच्याकडे ‘सीझर्स आर’, ‘ग्लासेस आर’. त्यामुळे ‘माय मनी आर लॉस्ट’ लिहिणारं मूल मराठीशी अगदी प्रामाणिक असतं. (भाजीत एखादा केस सापडला तर मात्र ‘अ हेअर’ बरोबर आहे. तिथे तो मोजलाच जातो.)

“मॅडम, खुर्च्या मोजता येतात, मग फर्निचर का नाही?” हा प्रश्न दर वर्षी येतो आणि मला तो फार आवडतो. मी विचारते, एसटीत चढताना तू ‘तीन सामानं’ म्हणतोस का? बॅगा तीन, सामान आपलं नुसतं सामान. लगेज तसंच, फर्निचरही तसंच. इथे डोक्यात प्रकाश पडतो. ‘ॲडव्हाइस’ला मात्र ही युक्ती चालत नाही, कारण आपण दोन सल्ले खुशाल देतो. तिथे ‘टू पीसेस ऑफ ॲडव्हाइस’ घोकण्यावाचून गत्यंतर नाही. आणि ‘इन्फॉर्मेशन्स’? ‘माहित्या’ तर मराठीतही कुणी म्हणत नाही, तरी मुलं बिनदिक्कत एस लावतात. त्याचा दोष मराठीवर ढकलता येणार नाही.

गाईडांतल्या याद्यांवर माझा राग आहे तो यासाठी की त्यांत प्रत्येक शब्द एकाच खणात कायमचा कोंबलेला असतो. आयर्न म्हणजे मटेरियल, संपलं. पण ‘द गेट इज मेड ऑफ आयर्न’मधलं लोखंड वेगळं आणि ‘मदर बॉट ॲन आयर्न’मधली इस्त्री वेगळी. पेपर म्हणजे कागद, ‘अ पेपर’ म्हणजे वर्तमानपत्र नाहीतर परीक्षेचा पेपर. हॉटेलात ‘टू कॉफीज’ मागितल्या तर वेटर हसणार नाही, इंग्रज तर नाहीच नाही. शकुनी प्रॉपर नाऊन खरं, पण ‘देअर इज अ शकुनी इन एव्हरी फॅमिली’मध्ये तो कॉमन झाला. वाक्य वाचल्याशिवाय प्रकार सांगूच नका, असं मी सांगते.

हल्ली मी घरची वाणसामानाची यादी इंग्रजीत करून आणायला लावते. साबण आला की ‘टू सोप्स’ खोडून ‘टू बार्स ऑफ सोप’. पावाला ‘अ लोफ ऑफ ब्रेड’. मिरच्या मोजायच्या, तिखट मोजायचं नाही. परवा एकीनं यादीवर बोट ठेवून विचारलं, “मग कांदे ओनियन्स आणि लसूण नुसता गार्लिक?” हो, आणि पाकळ्या हव्याच असतील तर ‘क्लोव्ह्ज ऑफ गार्लिक’. तिनं लगेच पुढचा प्रश्न टाकला, की मसाल्याच्या लवंगाही ‘क्लोव्ह्ज’च ना?