राहू दे

कानातलं पलंगाखाली घरंगळलं म्हणून टॉर्च हवा होता, एवढीच गोष्ट. टॉर्च माळ्यावर असणार असं मला का वाटलं, ते आता आठवत नाही. मोबाइललाच टॉर्च असतो हे लेकीनं सांगेपर्यंत मी स्टुलावर चढून माळ्याचं दार ओढलेलंही होतं, आणि ते दार एकदा उघडलं की नुसतं परत लावता येत नाही. आतलं काहीतरी तोवर बाहेर डोकावतं. माझ्या वेळी एक छत्री डोकावली. तिला आत ढकलायला गेले तर मागून थर्माकोल आला, थर्माकोल धरायला गेले तर खोकं आलं. तासाभरात अर्ध्याहून जास्त माळा खाली उतरला होता आणि मी त्याच्या मधोमध फतकल मारून बसले होते. नवरा दारातून डोकावला, दृश्य पाहिलं आणि 'जरा जाऊन येतो' म्हणाला. कुठे ते त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

खरं तर यातला निम्मा माळा आमचा नाहीच, तो बाबांचा. बाबा गेल्यावर त्यांचं घर रिकामं करायला हातात चारच दिवस होते. दादानं आणि मी त्यांच्या माळ्यावरचं सगळं जसंच्या तसं गाडीत भरलं आणि इथे आणून वर ढकललं. 'नंतर सावकाश बघू' असं दोघांचं ठरलं. त्याला नऊ वर्षं झाली. एका माळ्यावरून निघालेलं सामान जमिनीला फारसं न टेकता दुसऱ्या माळ्यावर गेलं, आणि सावकाश या शब्दाचा अर्थ आम्ही दोघांनी अगदी मनापासून पाळला.

आमच्या निम्म्यातून मुख्यतः खोकी निघाली. रिकामी. मोठ्यात मधलं, मधल्यात धाकटं, धाकट्यात पिशव्या आणि पिशव्यांत पिशव्या. मिक्सर कधीच गेला, त्याचं खोकं आहे. टीव्हीचं खोकं आत्ताच्या टीव्हीपेक्षा दोन टीव्ही जुनं. दुरुस्तीला न्यायचा झाला तर, घर बदलायचं झालं तर, अशा दोन 'तर'वर हा सगळा डोलारा उभा. आणि त्यात ते थर्माकोलचे साचे. थर्माकोलमध्ये सुमारे ९८ टक्के हवा असते म्हणतात. म्हणजे इतकी वर्षं मी हवाच जपत होते, फक्त टीव्हीच्या कोपऱ्यांच्या मापाची.

एका प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये सगळी हमीपत्रं आणि पावत्या लावलेल्या सापडल्या. इतकी टापटीप बाई आपणच होतो का, या विचारानं क्षणभर ऊर भरून आला. उघडली तर पावत्या कोऱ्या. त्या गुळगुळीत पावत्यांवर शाई नसतेच मुळी. कागदावर रसायनाचा थर असतो, मशिनमध्ये ऊब लागली की तो काळा पडतो आणि अक्षरं उमटतात. पुढे उजेड, उष्णता आणि विशेष म्हणजे काही प्लॅस्टिकची पाकिटं ती अक्षरं पुसून टाकतात. माझ्या पावत्या मी जपल्यामुळे गेल्या. कुठल्याशा डब्यात कोंबल्या असत्या तर कदाचित टिकल्या असत्या. तशी ज्या वस्तूंची ती हमी होती, त्याही गेल्याच. तेव्हा फिटंफाट.

टॉर्चही सापडला. सेल आतच राहिले होते. ते फुटून पांढरी भुकटी पसरली होती आणि झाकण काही केल्या फिरेना.

मग वायरी. त्यांच्याबद्दल काय सांगणार, तुमच्याकडेही आहेत. कशातच न बसणाऱ्या पिनांचा तो गुंता टाकायचा ठरवलं की दुसऱ्याच दिवशी नेमकी त्यातलीच एक लागते, या भीतीवर तो जगतो. पण वायरींपेक्षा माझा जीव अडकतो किल्ल्यांत. एका डबीत एकवीस किल्ल्या निघाल्या. कुलपं कुठे आहेत देव जाणे. मला आजवर एकही किल्ली टाकता आलेली नाही. टाकली की जगात कुठेतरी एक कुलूप कायमचं बंद राहील आणि त्याला जबाबदार मी, असं काहीतरी वाटतं. हे कुणाला सांगत नाही. डबीला झाकण लावलं.

कॅसेटींचा एक पुठ्ठ्याचा डबा होता. कॅसेट १९६३ साली आली, म्हणजे आमच्या बाबांच्या तरुणपणाचीच ती. आता अशा लेखात एका कॅसेटवर बाबांचा आवाज सापडायला हवा. तसं काही नाही. रेडिओवरून भरून घेतलेली गाणी आहेत, आणि मला पक्कं आठवतंय, एका गाण्यात मध्येच आमच्या दाराची बेल वाजते. कितीतरी वर्षं मला ती त्या गाण्यातलीच वाटायची. दुसरीकडे कुठे तेच गाणं लागलं की बेल आली नाही म्हणून चुकल्यासारखं व्हायचं. वाजवून खात्री करावी म्हटलं, तर कॅसेटप्लेअरचं फक्त खोकं आहे.

बाबांच्या घरी माळ्याचं दार इतकं अरुंद होतं की मोठं माणूस खांद्यांपर्यंतच आत जाई. म्हणून घरातलं सगळ्यात बारीक माणूस वर चढवायची पद्धत होती. आधी ते दादाकडे होतं. तो एका सुट्टीत अचानक वाढला, मग माझी नेमणूक झाली. जुना फ्रॉक, नाकावर रुमाल. बाबा स्टुलावर उभे राहून मला काखेत हात घालून उचलत, आणि मग एक क्षण असा येई की त्यांचे हात सुटलेले आणि माझे गुडघे अजून टेकलेले नाहीत. त्यानंतर आतला तो उबदार अंधार. धूळ, जुने कागद आणि डांबरगोळ्यांचा वास. गोळ्या मात्र कधीच दिसायच्या नाहीत, नुसत्या कागदाच्या रिकाम्या पुड्या. त्या न वितळता थेट हवेत उडून जातात हे पुढे शाळेत शिकवलं, तेव्हा वर्गात मला एकटीलाच त्याचं नवल वाटलं नाही.

वर बसलं की घर वेगळंच दिसे. पंख्याच्या पात्यांवर खालून न दिसणारा धुळीचा जाड थर. कपाटावर आमचा हरवलेला चेंडू, जो कुणी घेतला यावरून दादाची आणि माझी महिनाभर बोलाचाली बंद होती. आणि बाबांचा टाळू. बाबांना टक्कल पडायला लागलंय हे घरात सगळ्यांत आधी मला कळलं. अगदी मधोमध, रुपयाच्या नाण्याएवढं. मी ते कुणालाच सांगितलं नाही, बाबांना तर नाहीच.

मग सुनावणी सुरू होई.

"काय दिसतंय?"

"नळ आहे एक. गंजलाय."

"पितळी आहे तो, गंजत नाही. राहू दे."

"सायकलचं सीट. फाटकं."

"राहू दे."

"कशाचं तरी झाकण."

इथे बाबा जरा थांबत. "केवढं आहे?"

"परातीएवढं."

"राहू दे. त्याचं भांडं सापडेल."

"सगळं राहूच द्यायचंय तर पोरीला चढवलंय कशाला?" असं आई खालून विचारी. त्याला उत्तर नसे. बाबांच्या मते माळा आवरणं म्हणजे काय काय आहे याची वर्षातून एकदा खात्री करून घेणं. एकदा फक्त उंदराचा एक मोडका पिंजरा टाकायचा ठरला. तो दाराबाहेर ठेवलाही. रात्री पाणी प्यायला उठले तर बाबा अंधारात स्टुलावर उभे होते. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. दुसऱ्या हातात पिंजरा होता.

लिहिलेलं काही टाकायचं नाही, हा त्यांचा आणखी एक कायदा. मग ती आमची शुद्धलेखनाची वही असो की कच्च्या आकडेमोडीचा कागद. मी हसायचे. पण पुढे कैरोच्या गेनिझाबद्दल वाचलं आणि हसू जरा आवरतं घेतलं. जुन्या कैरोत बेन एझ्रा नावाचं ज्यू प्रार्थनामंदिर आहे. देवाचं नाव असू शकेल असा लिहिलेला कागद फेकायचा नाही, म्हणून तिथले लोक असे कागद एका खोलीत टाकत. त्या खोलीला गेनिझा म्हणत. खोलीला खिडकी नाही, भिंतीत उंचावर एक भोक, शिडी लावून चढायचं. माळाच म्हणा ना. जवळजवळ हजार वर्षं लोक तिथे कागद टाकत राहिले आणि हळूहळू देवाच्या नावाची अटही सैल झाली असावी, कारण १८९६-९७ च्या हिवाळ्यात सोलोमन शेख्टर हा विद्वान तिथे शिरला तेव्हा धर्मग्रंथांच्या पानांसोबत व्यापाऱ्यांची पत्रं होती, हिशेब होते, लग्नाचे करार होते, औषधांच्या चिठ्ठ्या होत्या. धुळीनं त्याचा घसा धरला, पण सुमारे १,९३,००० तुकडे तो केंब्रिजला घेऊन गेला. त्या काळचे लोक कसे राहत, काय विकत, कशावरून भांडत, हे त्या अडगळीवरून कळतं. आणि त्यात एका कुठल्याशा मुलानं मुळाक्षरं गिरवलेली पानंही आहेत. हजारेक वर्षांपूर्वीच्या पोराची शुद्धलेखनाची वही! हे वाचलं तेव्हा बाबा होते. त्यांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "बघ." बस, एवढंच.

आमच्या वह्यांना तो मान मिळणार नाही. कसर लागली आहे. कसरीला बांधणीची खळ आवडते, त्यामुळे आधी पाठ गेली, मग पानं. माझी गणिताची वही आरपार चाळणी झाली आहे. गणितं तशीही चुकलेलीच होती.

लेक मला हिंमत द्यायला येऊन बसली. अकरा वर्षांची आहे, टाकाटाकीचे व्हिडिओ बघते. तिनं तीन ढीग करायला लावले. ठेवायचं, टाकायचं आणि बघू. 'बघू'चा ढीग खिडकीपर्यंत गेल्यावर तिनं तिचा हुकमी प्रश्न काढला. "आई, हे शेवटचं कधी वापरलंस?" आता या प्रश्नाला माळ्यावरची कुठली वस्तू टिकणार? वापरत असते तर माळ्यावर असती का? मी तिला अँडी वॉरहॉलची गोष्ट सांगितली. एवढा मोठा चित्रकार, १९७४ पासून १९८७ मध्ये मरेपर्यंत हाताला येईल ते खोक्यांत टाकत गेला. पत्रं, बिलं, वर्तमानपत्रं, काय वाट्टेल ते. असे ६१० नग झाले, बहुतेक साधी पुठ्ठ्याची खोकी. आज ती पिट्सबर्गच्या संग्रहालयात आहेत. एकेक खोकं उघडून नोंद करायला तज्ज्ञांना वर्षं लागली.

"पण तो प्रसिद्ध होता," ती म्हणाली.

हा मुद्दा मला खोडता आला नाही.

पाचच्या सुमारास बाबांच्या एका खोक्यातून नळ निघाला. पितळी. बाबांचं बरोबर होतं, गंजलेला नव्हता, नुसता हिरवट काळा पडला होता. त्याच्याखाली झाकण. परातीएवढं. त्याचं भांडं तेव्हाही सापडलं नव्हतं, आणि आता भांडं सापडेल असं घरच राहिलेलं नाही. मी ते 'टाकायचं'मध्ये ठेवलं. मग उचललं. 'बघू'मध्ये ठेवलं. मला त्या झाकणाचं काय कौतुक? काही नाही. पण 'राहू दे' असा निकाल झाला होता, आणि निकाल देणारा माणूस तो मागे न घेता निघून गेला. आता तो फिरवायचा कुणी? दादाला फोन केला. दादा म्हणाला, "झाकण? केवढं?" आणि मग आम्ही दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही.

नवरा सातला परत आला तेव्हा वायरी बाहेर गेल्या होत्या, रद्दीचे दोन गठ्ठे झाले होते, थर्माकोल तर सगळाच गेला. टीव्हीचं खोकं सपाट करून ठेवलं. टाकलं नाही, सपाट केलं. उरलेलं परत वर चढवायचं होतं. माझा हात आतपर्यंत पोचेना, म्हणून लेकीला वर चढवली. काखेत हात घालून उचलली तेव्हा कळलं, पुढच्या वर्षी हे जमणार नाही.

ती आत सरकून बसली आणि मी खालून एकेक देत गेले. किल्ल्यांची डबी. कॅसेटी. नळ.

"हा पण?"

"राहू दे."

हात पुढे आला नाही म्हणून मान वर केली, तर ती माळ्याच्या दारात ओणवी होऊन माझ्याकडे बघत होती. माझ्याकडे म्हणजे, जरा वरच्या बाजूला. डोक्याकडे.

"काय गं?"

"काही नाही," ती म्हणाली. "दे ते झाकण."