बंद फोन

रात्रीचे पावणेबारा. झोप येत नाही म्हणून लिहायला बसले. खरं तर लिहिण्यासारखं काही घडलेलंच नाही. कोणी अपमान केला नाही, कोणी काही लागेलसं बोललं नाही. म्हणजे बोललं, एकच वाक्य, आणि तेही मायेनं. तेच सकाळपासून चपलेत शिरलेल्या खड्यासारखं टोचतंय.

काल नीताकडे. जायचं नव्हतंच मला. आठवडाभर मनातल्या मनात सबबी जमवत होते. डोकेदुखी, काम, परत डोकेदुखी. शेवटी मिलिंद म्हणाला, "तासाभरात निघू," आणि त्याचा तास केवढा असतो हे पुरतं ठाऊक असूनही मी कपडे बदलले. दारापर्यंत तो माझ्याबरोबर होता. आत पाऊल टाकलं आणि सुळकन सटकला तो सटकलाच. पंधरा मिनिटांत पलीकडच्या खोलीतून त्याचं हसू ऐकू यायला लागलं. ज्यांच्याबरोबर हसत होता, त्यांना तोही माझ्याइतकाच ओळखत होता. म्हणजे अजिबात नाही.

मी खिडकीपाशी. पंचवीस-तीस माणसं असतील. नीता दोनदा येऊन "ठीक आहेस ना गं?" विचारून गेली. हा प्रश्न कोणी विचारला की एक गोष्ट नक्की होते, आपण ठीक दिसत नाही आहोत.

मग फोन काढला. सगळेच काढतात. हातात फोन असला की माणूस एकटा दिसत नाही, कामात दिसतो. फरक एवढाच, की माझा फोन वाटेतच बंद पडला होता. तरी मी त्या काळ्या काचेवर अंगठा फिरवत होते. वर. परत वर. मध्येच थांबून, भुवया जरा उचलून, काहीतरी महत्त्वाचं वाचल्यासारखं. काचेत माझीच हनुवटी दिसत होती आणि मागचा दिवा. एकदा तर मी किंचित हसलेसुद्धा. कशाला, देव जाणे.

"माझ्याकडे चार्जर आहे," शेजारून आवाज आला. "पण तुम्हाला तो नको असेल, तर मी काढत नाही."

हेच ते वाक्य.

मी म्हणाले, "हो." आता यातलं कशाला हो? काढा म्हणून हो, की काढू नका म्हणून हो? तिनं मात्र सगळं समजल्यासारखी मान हलवली, आणि पिशवीत हात घातला नाही.

आज दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. दात घासताना, कपडे वाळत घालताना, फोनवर कोणाशी तरी बोलतानासुद्धा. कधीपासून बघत होती ती? भुवया उचलल्या तेव्हापासून? हसले तेव्हा बघितलं असेल का? मांजर डोळे मिटून दूध पितं तसं माझं झालं. त्यातही मांजराला निदान दूध मिळतं.

अशा वेळी मी स्वतःला त्या टी-शर्टच्या प्रयोगाची आठवण करून देते. कॉर्नेल विद्यापीठातला, 2000 साली छापून आलेला. विद्यार्थ्यांना एका गायकाचं मोठं चित्र असलेला, घालायची लाज वाटावी असा टी-शर्ट घालायला दिला आणि बाकीचे बसले होते त्या खोलीत पाठवलं. त्यांना वाटलं, निम्म्या लोकांनी तरी ते चित्र पाहिलं असणार. प्रत्यक्षात साधारण चौघांत एकाच्या लक्षात आलं होतं. बाई गं, कोणी बघत नाहीये, जो तो आपापल्या टी-शर्टच्या काळजीत आहे, असं म्हणत मी कितीतरी समारंभ काढलेत. बरं चाललं होतं या औषधावर. पण चौघांतला तो एक उरतोच ना! काल तो माझ्या डाव्या हाताला उभा होता, निळ्या काड्यांचा चष्मा लावून.

मी बाथरूममध्ये जाऊन आले. जायचं नव्हतं, पण तिथे आतून कडी लावता येते. नळ सोडला आणि मनगटावर दोन बोटं ठेवून उभी राहिले. ही माझी जुनी खोड. श्वास आत घेताना ठोके जरा घाई करतात, सोडताना जरा रेंगाळतात. कोणाचेही. शांत उभं राहिलं तर बोटाखाली चक्क कळतं. मग मी सोडायचा श्वास लांबवत नेते. चार आकड्यांत आत, आठ आकड्यांत बाहेर. यानं मी अगदी शांत-बिंत होत नाही हं. आपल्या आत काहीतरी अजून नेमानं चाललंय, एवढाच आधार वाटतो. सहाव्या आकड्याला कोणीतरी दार वाजवलं.

मला का जमत नाही हे? लहानपणी पाहुणे आले की आई म्हणायची, "बोल की, मिठाची गुळणी धरलीयस का?" आणि ते ऐकून पाहुणे हसायचे, मग तर सगळंच संपायचं. पुढे लाजाळूची बुजरी झाले, बुजरीची अबोल, आणि आता या वयात बहुधा माणूसघाणी. तसं माझ्या तोंडावर कोणी म्हटलेलं नाही. वन्सं एकदा म्हणाल्या होत्या, पण ते जाऊ दे.

आणि मला माणसांची घाण नाही हो! उलट घरी आल्यावर मी एकेकाला आठवत बसते. कोण काय बोललं, कोणाचा आवाज बसला होता, कोण सारखं दाराकडे बघत होतं. फक्त त्या वेळी तोंडातून शब्द फुटत नाही. 2009 साली जगभरातल्या दहा भाषांमधलं बोलणं मोजून पाहिलं होतं. हो-नाहीचा प्रश्न विचारला की समोरचा सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्शात उत्तर देऊन मोकळा होतो. भाषेभाषेत फरक होता, पण फार नाही. पाचवा हिस्सा! तेवढ्या वेळात मी अजून समोरच्याला 'तू' म्हणावं की 'तुम्ही' इथेच अडकलेली असते. उत्तर तयार होऊन ओठांशी येतं, तोवर विषय तीन घरं पुढे गेलेला असतो. मग ते उत्तर मी घरी घेऊन येते. अशी पुष्कळ आहेत माझ्याकडे, एकदाही न वापरलेली.

बाथरूममधून परतले तेव्हा वाटलं, ती गेली असेल. नव्हती गेली. मला तिचा राग आला, खोटं कशाला बोलू? एवढ्या खोलीत तिला उभं राहायला माझीच खिडकी सापडली?

मग माझ्या लक्षात आलं, ती नकाशा वाचतेय. नीताच्या मुलाचा तो भिंतीवरचा जगाचा नकाशा. मघापासून वाचतेय. आता जगाचा नकाशा कोणी अर्धा तास वाचतं का? तिथे काय नवीन छापून आलेलं असतं?

"कुठपर्यंत आलात?" मी विचारलं. हे माझ्या तोंडून कसं निघालं, मला अजून उमगलेलं नाही.

"ग्रीनलंड," ती म्हणाली. मान न वळवता. "तिथे कोणी नसतं."

बस्स. यापुढे आम्ही काही बोललो नाही, बराच वेळ. पण मघाशी उभी होते तशी नव्हते आता मी. फोन पर्समध्ये टाकला. दोघी नकाशाकडे बघत होतो. कोणीतरी मागून गेलं, कोणाचा तरी धक्का लागला, पलीकडे मिलिंदनं कसलीतरी नक्कल केली आणि सगळे खिदळले. आम्ही ग्रीनलंडात.

त्या नकाशात ग्रीनलंड जवळजवळ आफ्रिकेएवढं दिसतं. आफ्रिका खरी त्याच्या चौदापट. 1569 साली मर्केटरनं खलाशांसाठी जी पद्धत काढली, त्या पद्धतीचा हा नकाशा. गोल पृथ्वी चौकोनी कागदावर बसवायची म्हणजे मधलं ठीक राहतं आणि ध्रुवाकडे जावं तसतसं सगळं फुगत जातं. मला हे शाळेपासून माहीत आहे. सांगावं म्हणून तोंड उघडलंसुद्धा, पण लगेच मिटलं. पहिल्याच भेटीत भूगोल?

नंतर लोक पांगायला लागले तेव्हा नीता खालची मोठी चादर गोळा करत होती. आम्हाला दोघींना बघून म्हणाली, "अगं, जरा धरा ना ही." कोण कोणाच्या ओळखीचं याचा तिला त्या क्षणी पत्ता नसावा. आम्ही एकेक बाजू धरली. चादर चांगलीच मोठी होती. ताणून धरल्यावर मधे केवढं तरी अंतर, अन् पलीकडे तिचा निळा चष्मा. पहिली घडी घालताना मी उजवं टोक डाव्यावर आणलं, समोरून तिनंही उजवंच डाव्यावर, आणि चादरीला मधोमध पीळ बसला. तिनं सोडवायला हात फिरवले, मीही फिरवले, पीळ दुप्पट झाला. मग ती म्हणाली, "तुम्ही काहीच करू नका." मी काहीच केलं नाही. उलगडली.

आणि मग ते चालत येणं. चादरीची घडी दोघींनी घालायची म्हणजे हातातली टोकं घेऊन एकमेकींपर्यंत जावंच लागतं. तिनं माझी टोकं घेतली. तिच्या बोटांना माझी बोटं लागली, गार होती तिचीही. मी वाकून खाली लोंबणारी कड उचलली, परत मागे गेले. झटका. परत पुढे. तीनदा, चारदा. शेवटी चादर उशीएवढी झाली, आणि आम्ही अगदी समोरासमोर, काही करायचं न उरलेल्या. लगेच परत कानकोंडं वाटायला लागलं. तिलाही वाटलं असावं, कारण तिनं झालेल्या घडीवरून उगाचच दोनदा हात फिरवला.

शिकागोतल्या लोकल गाड्यांमध्ये एक प्रयोग झाला होता, 2014 साली प्रसिद्ध झाला. काही प्रवाशांना सांगितलं शेजारच्याशी बोला, काहींना सांगितलं गप्प बसा. आधी विचारलं तर लोकांना वाटत होतं की अनोळखी माणसाशी बोलण्यात प्रवास वाईट जाईल. प्रत्यक्षात बोलणाऱ्यांचाच चांगला गेला. हे वाचून मी तेव्हा चिडले होते. बोललं की बरं वाटतं हे मलाही ठाऊक आहे, पण त्यांना कोणीतरी बोला म्हणून सांगितलं होतं ना! मलाही कोणी सांगा. कोणी हातात चिठ्ठी द्या. काल नीतानं चादर दिली.

ते वाक्य पकडल्यासारखं लागलं, असं मी सकाळी धरून चालले होते. संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालताना वाटलं, तसं नसेल. पकडणारे पुष्कळ भेटलेत मला. "अय्या, फोन बंद आहे की तुमचा!" असं चारचौघांत म्हणणारे. हिनं पकडलं आणि सोडून दिलं. "मी काढत नाही." म्हणजे चालू दे तुझं नाटक, मी इथेच आहे. हे असं आजवर कोणी केलं नव्हतं. मिलिंदनंसुद्धा नाही. तो चार्जर आणून देतो. चांगला आहे तो, पण चार्जरच आणून देतो.

आणि मी बावळट, तिचं नावसुद्धा विचारलं नाही.

दुपारी नीताला मेसेज केला, निळ्या चष्म्याची ती कोण? उत्तर म्हणून थेट नंबरच आला, नावासकट. वर "का गं?" "काही नाही" असं लिहिलं. काही नाही म्हणजे काय हे नीताला चांगलं कळतं, म्हणून पुढे तिनं विचारलं नाही.

तेव्हापासून तो नंबर समोर आहे. तिला काय लिहायचं? ओळख ठेवा? काल छान वाटलं? मुळात तिला छान वाटलं होतं का? यावरही एक अभ्यास आहे, 2018 सालचा. दोन अनोळखी माणसं गप्पा मारून उठली की प्रत्येकाला वाटतं, समोरचा मला जेवढा आवडला तेवढी मी काही त्याला आवडले नसेन. दोघांनाही असंच वाटतं, म्हणजे दोघांचाही हिशोब चुकतो. वसतिगृहात एकत्र राहणाऱ्या मुलांमध्ये तर हा गैरसमज कित्येक महिने टिकला होता. मिलिंदला हे वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मला तर असं कधीच वाटलं नाही." यावर काय बोलणार?

मग उगाच ग्रीनलंड शोधलं. तिथे साधारण 56-57 हजार माणसं राहतात. कोणी नसतं काय! एवढ्या मोठ्या बर्फाळ बेटावर, कडेकडेनं किनारा धरून, पण आहेत.

हे तिला कळवायला हवं.

लिहिलं, "ग्रीनलंडमध्ये 56 हजारांच्या वर माणसं राहतात." खोडलं. पुढे नाव जोडून लिहिलं. परत खोडलं, भलतंच अधिकृत वाटत होतं. शेवटी लिहिलं, "तुम्ही चुकलात. ग्रीनलंडमध्ये 56 हजारांच्या वर माणसं आहेत. काल खिडकीपाशी बंद फोन घेऊन उभी होते, ती मी." आणि विचार करायच्या आत अंगठा टेकवला.

साडेनऊला गेलाय. दोन टिका आल्यात, राखाडी. निळ्या झाल्या तर काय करायचं ते ठरवलेलं नाही, नाही झाल्या तर काय याचा मात्र पूर्ण विचार झालाय.

मघाशी मिलिंद पाणी प्यायला उठला. मी अंधारात फोन हातात धरून बसलेली. स्क्रीन मंद होऊन विझली होती, आणि मी तिच्याकडे बघतच होते. त्याला सकाळी सगळं सांगितलंय मी. दारात थांबून म्हणाला, "चालू आहे ना गं तो?"