डावा अंगठा

रविवार, आषाढी. रात्रीचे साडेअकरा.

पाऊस सकाळपासून उघडलाच नाही. गंगापूर धरणातून पाणी सोडलंय म्हणून घरात दिवसभर एकच विषय, नाशिकला गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठपर्यंत आलं. मामा पंचवटीत राहतो, त्याचे तासातासाला फोन. गुडघ्यापर्यंत, मग मांडीपर्यंत. बाहेर पडायचा प्रश्नच नव्हता, म्हणून दादा पुण्याला जाताना त्याचं जुनं कन्सोल इथेच ठेवून गेलाय ते लावलं आणि 'ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स' एका बैठकीत संपवला. २०१३ चा गेम आहे, तीन-चार तासांचा. ज्यांना खेळायचाय त्यांनी पुढचं वाचू नका, मी शेवट सांगणार आहे, तो सांगितल्याशिवाय मला जे लिहायचंय ते लिहिताच येणार नाही.

गोष्ट साधीच. आई पाण्यात बुडून गेलेली, बाप आजारी, आणि दोन भाऊ बापासाठी औषधाचं पाणी आणायला निघतात. एकाच कंट्रोलरवर दोघं चालवायचे. डावी स्टिक, म्हणजे अंगठ्याने फिरवायची छोटी दांडी, थोरला, उजवी धाकटा, आणि प्रत्येकाला एकच ट्रिगर, म्हणजे बोटाने दाबायचं बटण, बास. सुरुवातीला नुसता गोंधळ, थोरला भिंतीला धडकतोय, धाकटा गोल गोल फिरतोय, मला माझेच हात कळेनात. मग कधी जमलं ते आठवत नाही, पण तासाभराने मी "डावा-उजवा" असा विचारच करत नव्हते, दोन पोरं चालली होती आणि मी त्यांच्याबरोबर होते.

मागे आई फरशीवर बसून भाजलेल्या दाण्यांची सालं काढत होती. एरवी माझा गेम सुरू झाला की ती दहा मिनिटांत उठते, सगळं इंग्लिशमध्ये बडबडतात म्हणते. पण ह्या गेममधली भाषा कुठलीच नाहीये, बनवलेली आहे, सबटायटल नाहीत, नुसता आवाजाचा चढउतार आणि हातवारे. त्यामुळे आई आणि मी एकदम सारख्याच अडाणी. उलट तिला माझ्याआधी कळलं. नदी आली तसा धाकटा मागे सरला आणि मी बटणं दाबत बसले, तर आई म्हणाली, "तो नाही जायचा गं पाण्यात, आई गेलीये ना त्याची." मग थोरल्याला पाण्यात उतरवलं, धाकटा त्याच्या पाठीला बिलगला, आणि ट्रिगर दाबून धरून दोघांना पलीकडे नेलं. आख्ख्या प्रवासात पाणी आलं की हेच.

आणि मग थोरला जातो. त्याला मातीही आपणच द्यायची, धाकट्याच्या हाताने. इथे रडू आलंच, पण ते सिनेमातही येतं. खरं जे झालं ते त्यानंतर, घरी परतताना. माझा डावा अंगठा तसाच स्टिकवर ठेवलेला होता. त्याला कामच नव्हतं. स्टिक हलवली तर काहीच हलत नव्हतं. तीन तास ज्या बोटात एक माणूस होता ते बोट रिकामं झालं होतं, आणि मला ते तिथून उचलवेना. दुःख अंगठ्याला होऊ शकतं हे मला आज कळलं.

शेवटी घराजवळची नदी. धाकटा एकटा. उजवा ट्रिगर दाबते, तो मागे सरतो. परत दाबते, परत मागे. कितीदा केलं असेल. मग आपोआपच, कुणी सांगितलं नाही, मी डावा ट्रिगर दाबला. थोरल्याचा. आणि पोरगं पोहायला लागलं.

हा गेम बनवणारे जोसेफ फारेस मुळात स्वीडनमधले सिनेमावाले. पण ही गोष्ट पडद्यावर नुसती बघितली तर मुलगा घाबरतो आणि मग धीर करतो एवढंच दिसेल. तो धीर कुठून आला हे फक्त बोटाला कळतं.

'व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच' (२०१७) ह्या गेममध्येही असा एक तुकडा आहे, माशांच्या कारखान्यातल्या पोराचा. एका हाताने मासे कापत राहायचे आणि दुसऱ्या हाताने त्याच्या डोक्यातल्या राज्यात फिरायचं, हळूहळू ते राज्य अख्खा स्क्रीन खातं तरी पहिला हात मासे कापतोच आहे. अंबडला कारखान्यात आमच्या लाइनवर मी दिवसभर पार्ट उचलते, भोकाचं माप बघायला प्लग गेज घालते, ट्रेमध्ये टाकते. त्या पोराचं दुःख मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स कंपनीचा 'राजी' (२०२०) पण खेळलेय, बहीण धाकट्या भावाला शोधत निघते, चित्रं इतकी सुंदर की थांबून बघावं, अभिमानच वाटला. पण तिथे हात लढत होते आणि गोष्ट कानाने ऐकली. मला दोन्ही एकाच जागी हवंय.

रात्री फराळ झाल्यावर आई म्हणाली, "पण त्याला पोहता आलं कसं एकदम?" ती सगळा वेळ मागेच बसली होती, सगळं बघितलं होतं, आणि नेमकं एवढंच तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं. मी सांगायला लागले, डावं बटण म्हणजे थोरला, आणि मध्येच थांबले, ते सांगून होईना. आई पंचवटीतली, घरापासून नदी चार पावलांवर, पण आजीने कधी पाण्यात उतरू दिलं नाही, ती आजही घाटाच्या वरच्या पायरीवर थांबते.

मग गेममध्ये परत मागच्या भागात गेले आणि कंट्रोलर तिच्या हातात दिला. बोटं दाण्याच्या तेलाने चिकट होती, तिने आधी पदराला पुसली. उजवा दाबून बघितला. पोरगं मागे सरलं. परत दाबला. "अगं, नाही म्हणतोय तो." मी काहीच बोलले नाही, नुसतं तिचं डावं बोट धरून थोरल्याच्या ट्रिगरवर ठेवलं.

पोरगं पाण्यात उतरलं. आई एकदम ताठ बसली, बोट पांढरं होईस्तोवर दाबून धरलेलं.

"सोडू का?"

"नको, धरून ठेव."