बर्फाची गाडी, चिखलाची वाट

फोन आला तेव्हा मी बेळगावच्या उद्यमबागेत एका गिअरबॉक्सचं झाकण उघडून बसलो होतो. "मिस्त्री, पट्टा निसटला ओ. मशीन शेतातच बसलंय." पलीकडं ठेकेदार. माझ्या पोटात गोळा आला. आठच दिवसांपूर्वी त्या मशीनचा ग्रीस वॉल्व्ह मी बदलला होता. त्यातून भरलेल्या ग्रीसच्या दाबानंच पट्टा ताणलेला राहतो. खरा वॉल्व्ह हाताशी नव्हता म्हणून साधा निपल, म्हणजे ग्रीस भरायचं नेहमीचं तोंड, बसवून दिला होता.

मशीन म्हणजे रबरी पट्ट्यांवरची लहान गाडी, पुढं हौद, माणूस मागून चालत हाकतो. बर्फाळ मुलखात अशा लहान पट्टेवाल्या गाड्या सामान ओढायला, पायवाटा दाबून घ्यायला वापरतात. आमच्याकडं खानापूरच्या जंगलपट्ट्यात आषाढात ट्रॅक्टरसुद्धा रुततो, तिथं मोटर नि पाइप वाहायला ती बरी पडते. हिशेब साधा आहे. मशीन ५०० किलो, माल ५०० किलो. पट्टा १८ सेंटिमीटर रुंद, जमिनीला टेकलेला भाग मीटरभर. दोन पट्ट्यांचे ३६०० चौरस सेंटिमीटर झाले, म्हणजे चौरस सेंटिमीटरला पाव किलोच्या जरा वर. चालता माणूस एका पायावर याहून जास्त दाब देतो.

जांबोटी मागं टाकून कणकुंबीच्या अंगाला पोचलो तेव्हा पाऊस आडवा लागला होता. मशीन बांधाखाली कलंडलेलं, डावा पट्टा आयडलरवरून, म्हणजे टोकाच्या मोकळ्या चाकावरून, उतरून चिखलात सापासारखा पडलेला. वळणावर जागच्या जागी फिरवताना निसटला म्हणे. ढिल्या पट्ट्याचं तेच होतं.

शेतमालक निवृत्त सुभेदार, मराठा लाइट इन्फंट्रीतले. छत्री धरून माझ्या डोक्यावर उभे राहिले. "सियाचिनला स्नो स्कूटर बघितलीय मी," म्हणाले, "तिच्या पट्ट्यातबी बर्फ असाच कोंबतो. आधी तो काढायचा, मग हत्यार."

ऐकलं. खुरप्यानं स्प्रॉकेटमधली, पट्टा फिरवणाऱ्या दातेरी चाकातली, तांबडी राड उकरली. गोट्यांसकट अर्धी पाटी निघाली. फळी टाकून जॅक लावला. मग निपल. आत ग्रीसचा जोर असतो, तोंड समोर धरायचं नाही, एका आट्याच्या वर ढिला करायचा नाही. पण जोर होताच कुठं? निपलच्या बुडातून ग्रीस पाझरून खाली काळपट ओघळ सुकला होता. साध्या निपलला तो दाब पेलत नाही, हे मला बसवतानाही ठाऊक होतं.

टॉमीनं, म्हणजे लोखंडी पहारीनं, पट्टा आयडलरवर चढवला, स्प्रॉकेट हळू फिरवून दात जुळवले. या खेपेला खरा वॉल्व्ह आणला होता. ग्रीसगन मारत गेलो. उचललेल्या मशीनच्या मधल्या रोलरखाली झोळ बोटाच्या जाडीइतका राहिल्यावर थांबलो. जादा ताणलं तरी रोलर खातो.

आता मशीन बाहेर काढायचं. ड्रायव्हर पोरगं आधीच्याच चाकोरीकडं वळवायला लागलं. मलाही ते बरोबरच वाटलं, मळलेली वाट आहे. सुभेदार ओरडले, "त्या वाटेनं नको गा!" मग मला समजावून सांगितलं. बर्फात एकाच वाटेवरून गाडी फिरवायची. दाबलेला बर्फ रात्रीच्या थंडीत कण कण एकमेकाला चिकटून आवळतो, सकाळी त्यावरून स्लेज सुखानं जाते. गुलमर्गला स्नो बीटर, म्हणजे बर्फ दाबायचं मशीन, फिरवतात ते त्यासाठीच. "इथं रात्रीतून काय आवळतंय? दर खेपेला वरचं गवताचं मूळ तुटतं, खाली आमटी होते. नवीन जागा धर, मुळावरनं चल."

पोरगं चाकोरी सोडून दोन हात बाजूनं, गवतावरून गेलं. मशीन डुलत डुलत बांधावर चढलं, पट्ट्याखालचं गवत दबून पुन्हा हळूहळू उभं राहिलं. बर्फाचा माणूस चिखलाचं गणित उलटं करून सांगत होता, आणि आयुष्यभर पट्टे चढवणारा मी ऐकत होतो.

ठेकेदारानं बिल विचारलं. खिशातला निपल काढून त्याच्या तळहातावर ठेवला. "वॉल्व्हचे तेवढे द्या. बाकी माझ्या अंगावर."

तो निपलकडं बघत राहिला. सुभेदारांनी मात्र काही न विचारता चहाला हाक मारली.