तुमची पोरं जेवतात कशी?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, एरवी हा काही लिहायचा विषय नव्हे. शाळेच्या फाटकाशी, लग्नाच्या पंगतीत, गणपती पेठेत भाजी घेताना, आणि नणंदेच्या फोनवर तर हमखास, एकच विचारणा: "तुझी पोरं सगळं खात्यात, कसं काय गं? आमचं तर तोंडच उघडत न्हाई." माझी मुलगी पाच वर्षांची आहे, मुलगा दिवाळीत तीनचा होईल. सांगलीत गावभागात आमचं घर. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि ही दोन.

आधी गैरसमज काढते. सगळं खात नाहीत. मुलगा दोडक्याच्या फोडी ताटाच्या कडेला ओळीनं लावून ठेवतो. मुलगी पोह्यातली मोहरी वेचते आणि एकेक दाणा मला दाखवते. कारलं तर घरात मोठीच खातात. मग तुम्हाला दिसतं ते काय? पोरं पंगतीला बसतात, आपल्या हातानं जेवतात आणि उठतात, एवढंच. आणि त्याचं कारण म्हणाल तर ती जेवायला बसतात तेव्हा त्यांना भूक लागलेली असते.

हसू नका. घरोघरचा दिवस बघा. पोर उठलं की मोठा पेलाभर म्हशीचं दूध, त्यात डब्यातली चॉकलेटी पावडर. दहाला दोन बिस्किटं. अकराला कुणीतरी कौतुकानं आणलेली चिप्सची पुडी. साडेबाराला आई वरणभात कालवून बसते, पोर तोंड फिरवतं, आणि मग वाटी घेऊन आई मागं, सोसायटीच्या वसुलीला निघाल्यासारखी, या खोलीतनं त्या खोलीत. चार घास कसेबसे जातात. दुपारी "सकाळपासनं काय खाल्लं न्हाई लेकरानं" म्हणून परत दूध. खाल्लं नाही कसं? दिवसभर खातंयच की ते. जेवत नाही एवढंच.

पोर न जेवण्याचं दुसरं कारण आमच्या मुलांच्या डॉक्टरांनी मुलीच्या वेळी कार्डावरची वजनाची रेघ दाखवून समजावलं होतं. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या तिप्पट होतं. तीन किलोचं बाळ वर्षाला नऊच्या घरात जातं. त्यानंतर मात्र वेग एकदम उतरतो. दुसऱ्या वाढदिवसानंतर तर वर्षाकाठी साधारण 2 किलो. म्हणजे दीड-दोन वर्षांच्या पोराची भूक खरोखरच कमी होते, आणि ती तशीच व्हायला हवी. पण पहिल्या वर्षाचा झपाटा बघितलेल्या घराला वाटतं, दृष्ट लागली. आमच्याकडंही मीठ-मोहऱ्या उतरवून झाल्या. माझी त्याला काही हरकत नसते. उतरवलेलं मीठ पोराच्या पोटात जात नाही, जेवणाच्या तोंडावर पाजलेलं दूध जातं.

दुधावर बोललं की माझ्याकडं लोक संशयानं बघतात. साहजिक आहे. चितळ्यांच्या डेअरीची भिलवडी आमच्याच जिल्ह्यात, नदीकाठच्या प्रत्येक गावात सकाळ-संध्याकाळ डेअरीपुढं किटल्यांची रांग, आणि दावणीला म्हैस असली की घर खातंपितं समजायचं हा रिवाज. दूध कमी द्या म्हणणारी सून म्हणजे काय म्हणावं! सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांचं ठरलेलं वाक्य: "दूध पितंय न्हवं? मग जेवलं न्हाई तर काय झालं?" झालं असं की दुधात लोह जवळजवळ नसतंच. वर्ष-दोन वर्षांचं पोर दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर दूध पिऊ लागलं की पोट भरतं, अंगानंही गुबगुबीत दिसतं आणि रक्त कमी भरतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली सहा महिने ते पाच वर्षांची 67.1 टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. हा आकडा काही नुसत्या गरिबाघरचा नव्हे. आमच्याकडं आता दूध दोन वेळा, लहान वाटीनं, आणि जेवणानंतर बऱ्याच वेळानं. आत्यांना लोहाचं पटलं की नाही ठाऊक नाही. पण दूध कमी झाल्यावर नातू भाकरी मागून खायला लागला ते मात्र पटलं, आणि ते त्यांनी शेजारी स्वतःच्या नावावर सांगितलं. सांगू देत.

चहाचं प्रकरण जास्त नाजूक आहे. मामांचा, म्हणजे सासऱ्यांचा, सकाळचा चहा हा एक सोहळा असतो. बशीत ओतलेला चहा, त्यात बुडवलेला बटर, आणि गुडघ्याला टेकून उभा नातू. आपल्याकडं चहा-चपाती, चहा-खारी, चहा-टोस्ट खाऊन पोरांच्या पिढ्या वाढल्या, हे मला मान्य आहे. पण चहानं जेवणातलं लोह नीट अंगी लागत नाही, आणि ते पोर नाष्ट्याला हात लावत नाही. हे मामांना सांगणार कोण? ह्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मी पण तसाच वाढलोय." शेवटी मुलीनंच सांगितलं. तिच्या शाळेत बाईंनी चहा पिऊ नये म्हटलं होतं, आणि बाईंचा शब्द म्हणजे कोर्टाचा निकाल. मामा आता सहाच्या आत, पोरं उठायच्या आधी चहा उरकतात. कधी उशीर झाला तर बटर कोरडाच मिळतो. त्यावर सध्या तह आहे.

वेगळं शिजवायचं नाही, हे मात्र आमच्याकडं कुणी ठरवलं नाही. ते पुरानं ठरवलं. 2021 च्या जुलैत आयर्विन पुलापाशी कृष्णेनं 45 फुटांची धोक्याची खूण ओलांडली, तेव्हा आम्ही सामान माळ्यावर टाकून विश्रामबागला नणंदेच्या घरी गेलो. मुलगी तेव्हा आठ-नऊ महिन्यांची. सहा महिने अंगावरचं दूध आणि मग वरचं, हे सगळं नीट चाललं होतं, पण वरचं म्हणजे मिक्सरमधनं काढलेली पेज. मिक्सर माळ्यावर राहिला. नणंदेच्या घरी तीन कुटुंबं, वीज जातेय-येतेय, आणि एका मोठ्या पातेल्यात सगळ्यांचा भात. तिखट पडायच्या आधी वाटीभर वरण बाजूला काढायचं, भात बोटांनी चुरडायचा, आणि ज्याचा हात मोकळा असेल त्यानं भरवायचं. पहिल्या दिवशी तिनं थुंकून टाकलं. दुसऱ्या दिवशी नणंदेच्या मुलाच्या ताटात हात घातला.

घरी परतल्यावर चिखल काढण्यात इतके दिवस गेले की मिक्सर लागलाच नाही. नंतर डॉक्टरांकडनं कळलं की नऊ-दहा महिन्यांपुढंही नुसतं पातळ देत राहिलं तर मुलं गुठळीचं, चावायचं खायला पुढं कुरकुरतात. तेव्हापासनं भाजीला तिखट-मसाला घालण्याआधी एक वाटी बाजूला काढायची ही रीतच पडली. मुलाच्या वेळी तर विचारही करावा लागला नाही. आता मुलगी कांदा-लसूण मसाल्याचा रस्सा पातळ करून घेते, नाक पुसत खाते. वर्षाच्या आत मध आणि वरचं मीठ मात्र दोघांनाही दिलं नाही. गुटीत मध हवाच म्हणणाऱ्या आजी-मावश्यांशी त्यावरनं दोन-चार दिवस अबोला झाला, तो झाला.

भाकरीचं मात्र जरा सविस्तर सांगते, कारण तिथं मला मजा येते. पिठाची परात गॅसपासनं लांब, फरशीवर घ्यायची. शाळूचं पीठ, कोमट पाणी. मी गोळा मळून घेते आणि लिंबाएवढा तुकडा तोडून एकेकाला देते. मुलीला आता थापता येतं. खाली पीठ भुरभुरायचं, तळवा सपाट ठेवायचा, बोटांनी कडा फिरवायची हे ती माझ्याकडं न बघता करते. कड फाटली की जीभ बाहेर काढून चिमटीनं जुळवते. मुलाचा गोळा बहुतेक वेळा सरळ कोपरापर्यंत चढतो. तो बोटानं भोकं पाडतो, उचलून बघतो, परत आपटतो, आणि काळपट पडलेलं काहीतरी माझ्या हातात देतो. मी ते तव्यावर टाकते, पाण्याचा हात फिरवते. मुलीची चानकी, म्हणजे छोटी भाकरी, फुगते, मुलाची भोकातनं वाफ सोडत पडून राहते. पण ती चानकी "माझी" असते. तिच्यावर लोणी, बाजूला गुळाचा खडा, शेंगदाण्याची चटणी बारीक कुटलेली, आणि त्या जेवणात दोडकासुद्धा एखादा जातो. हे करायला दुप्पट वेळ लागतो, फरशी दोनदा पुसावी लागते, आणि रोज होत नाही. पाहुणे असले, ह्यांना दुकानात जायची घाई असली की दोघांनाही स्वयंपाकघराबाहेर घालवते. मटार सोलणं, लसूण निवडणं तेवढं मग दारात बसून चालतं. मटार निम्मे कच्चेच पोटात जातात. जाऊ देत, भाजीच आहे.

नावडत्या भाजीचं म्हणाल तर डॉक्टर म्हणाले होते, नवी चव पोरानं घ्यायला आठ-दहा, कधी पंधरा वेळाही ती समोर यावी लागते. आपण तिसऱ्या वेळी जाहीर करतो, "आमच्या बाळाला वांगं आवडत नाही." पोरानं ते ऐकलं की पुढं तेच खरं. कृष्णाकाठच्या वांग्यांचा आमच्याकडं काय मान! पण मुलगी ती पहिल्यांदा नुसती चिवडायची, मग भरल्या वांग्याचा मसाला चाटायची, मग एका हिवाळ्यात भरीत मागून घेतलं. आम्ही फक्त वाढत राहिलो, चमचाभर. खा म्हटलं नाही, खाल्ल्यावर टाळ्याही वाजवल्या नाहीत. टाळ्या वाजवल्या की पोराला कळतं, हा काहीतरी सौदा आहे. "भाजी संपव मग चॉकलेट" हा त्याच जातीचा सौदा. त्यात भाजी कायमची हमालीत जमा होते. चिऊचा घास, काऊचा घास गोड आहे, पण बाळ दीडेक वर्षाचं होईतोवर. त्यापुढं चिऊकाऊंनी आपापलं बघावं.

मोबाइल? नाही देत जेवताना. त्यात मोठं तत्त्वज्ञान नाही. मोबाइल बघणाऱ्या पोराला पोट भरल्याचं कळत नाही आणि भरवणारीला बंद कधी करायचं ते कळत नाही. टीव्ही आमच्याकडं आहे, मामांच्या बातम्या आहेत, जेवणाच्या वेळी तो बंद राहतो असंही नाही. बातम्यांना पोरं कंटाळतात, एवढा फायदा.

एका बाबतीत मात्र मी कुणाचं ऐकत नाही. जानेवारीपासनं तासगावकडची द्राक्षं घरी यायला लागतात, पाहुणे पेटीच्या पेटी देतात. ती मी पोरांना उभी चिरून देते, एकाच्या चार फोडी. "द्राक्ष कुणी चिरतं का गं?" म्हणून सगळ्या हसतात. हसा. अख्खं द्राक्ष लहान पोराच्या श्वासनलिकेत बुचासारखं बसतं, आणि ते गुळगुळीत असल्यानं ठसका लागूनही सुटत नाही. अख्खे शेंगदाणे, फुटाणे यांचंही तेच. पाचेक वर्षांची होईपर्यंत शेंगा खायच्या त्या कूट करून, लाडू करून. आणि खाताना बसून खायचं, पळताना नाही.

राहिला तुमचा खरा प्रश्न, "पण एक वेळ जेवलंच नाही तर?" नाही जेवलं तर ताट उचलायचं, चेहरा न पाडता. पुढच्या वेळेपर्यंत पाणी. खेळतंय, हसतंय, शी-शू नीट आहे, तर एक जेवण हुकल्यानं काही होत नाही. मात्र वजनाची रेघ दोन-तीन महिने आडवी चालली किंवा खाली वळली, पोर फिकट दिसतंय, लोळून राहतंय, माती-खडू खातंय, तर माझं किंवा आत्यांचं ऐकत बसू नका, सरळ डॉक्टरांकडं न्या. अंगणवाडीतल्या ताई दर महिन्याला वजन करतात, दंडाला पट्टी लावून बघतात; त्या पट्टीचा हिरवा-पिवळा-लाल रंग शेजारणीच्या अंदाजापेक्षा खरा.

आणि माहेरी गेल्यावर? माझं माहेर साताऱ्याचं. पोरांनी चपला काढायच्या आत माझे वडील कंदी पेढ्यांचा पुडा सोडतात. आई चपातीवर तूप-साखर पसरून गुंडाळी करते आणि अंगणातनं पोरांच्या मागं फिरते, मला बजावत, "तू गप गं, हाडं निघाल्यात लेकराची." मी गप्प बसते. तिथं माझा शब्द चालत नाही, आणि चार दिवस नाही चालला तरी बिघडत नाही. सांगलीला परत आलो की पहिल्या दुपारी दोघं ताटावर बसून भोकाड पसरतात, तूप-साखर मागतात. रात्री जेवतात.