नडगीचं हाड मोडलंय हे डॉक्टर कसं ठरवतात

पावसात घोडबंदर रोडला चुलतभावाची स्कूटर घसरली आणि नडगी मोडली, ठाण्यातल्या हॉस्पिटलात मी सोबत होतो म्हणून लिहितोय, कारण आपल्याला वाटतं एक्स-रे काढला की झालं, पण तसं नसतं.

डॉक्टर आधी विचारतात पडला कसा, पाय पिळवटला की थेट मार बसला, त्यावरून हाड कसं तुटलं असेल याचा अंदाज येतो. मग कातडी बघतात. नडगीच्या पुढच्या बाजूला मांस जवळपास नसतंच, त्यामुळे जखम छोटी दिसली तरी ओपन फ्रॅक्चर, म्हणजे जखम थेट मोडलेल्या हाडापर्यंत पोचलेली, असू शकतं आणि मग अँटिबायोटिक लगेच सुरू करावं लागतं. पावलावरची नाडी, बोटं हलतायत का, स्पर्श कळतोय का, हेही तपासतात.

एक्स-रे समोरून आणि बाजूने, त्यात गुडघा नि घोटा दोन्ही यायला हवेत. सांध्यापर्यंत चीर गेल्याची शंका असेल तर सीटी स्कॅन.

सगळ्यात महत्त्वाचं सांगतो, पोटरी दगडासारखी कडक झाली, औषध देऊनही कळा वाढतच गेल्या, बोटं दुसऱ्याने नुसती हलवली तरी सहन होईना, तर तो कंपार्टमेंट सिंड्रोम असू शकतो, म्हणजे आतला दाब वाढून स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो. नाडी लागतेय म्हणून निर्धास्त राहू नका, सकाळपर्यंत तर अजिबात थांबू नका, ड्यूटीवरच्या सिस्टरला तेव्हाच सांगा. काही तासांत पाय कायमचा अधू होऊ शकतो.

आणि येऊरला, उपवनला रोज पळणाऱ्यांनो, नडगी एकाच जागी दुखत असेल तर सुरुवातीचा एक्स-रे नॉर्मल येऊनही स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला पडलेली बारीक चीर, असू शकतं, ते एमआरआयमध्ये दिसतं.