तुम्ही विचारलंत म्हणून: अनुक्रमणिका हाताने का टाइप करत नाही?

अंक लावायला, म्हणजे त्याच्या पानांची मांडणी करायला, घेतला की संपादक मला हमखास विचारतात, मजकूर हातात असताना पहिले दोन दिवस मास्टर पेज (सगळ्या पानांचा सामाईक साचा) आणि स्टाइलमध्ये (टंक, आकार वगैरेंचा नाव दिलेला ठरावीक संच) का जातात, आणि अनुक्रमणिका शेवटी अर्ध्या तासात हाताने टाइप का करत नाही.

पेजमेकर या पानमांडणीच्या जुन्या सॉफ्टवेअरवर मी ती हातानेच टाइप करायचे. आयती तयार करण्याची सोय त्यातही होती, पण माझा तिच्यावर विश्वास नव्हता. ऐन वेळी चार पानांची जाहिरात मध्ये आली की पुढचा प्रत्येक आकडा बदलावा लागे आणि त्यातला एखादा चुकायचाच. आता इनडिझाइन या त्यानंतरच्या सॉफ्टवेअरमध्ये समास, पृष्ठांक आणि विभागाचे नाव मास्टरवर एकदाच बसवते (नव्या आवृत्तीत त्याला पेरेंट पेज म्हणतात, आमच्या तोंडी मास्टरच आहे), आणि प्रत्येक शीर्षकाला ठरलेली पॅराग्राफ स्टाइल देते. त्या स्टाइलची शीर्षके गोळा करून सॉफ्टवेअर अनुक्रमणिका बनवते. पाने वाढली की पानांवरचे पृष्ठांक स्वतःच सरकतात. अनुक्रमणिकेला मात्र अपडेटची आज्ञा द्यावी लागते. ती राहिली, तर जुने आकडे तसेच छापले जातात.

ही आज्ञा मी कधीच विसरले नाही. तरीही एका दिवाळी अंकात माझ्या हातून चूक झाली. एका कथेचे लांब शीर्षक दोन ओळींत मावेना, म्हणून रात्री उशिरा मी ते नव्या चौकटीत पेस्ट करून टंक आणि आकार हाताने दिला. पानावर ते इतर शीर्षकांसारखेच दिसत होते, पण त्याची स्टाइल ‘बेसिक पॅराग्राफ’, म्हणजे वेगळी काही न दिल्यास आपोआप लागणारी, राहिली होती. अनुक्रमणिका अक्षरांचा आकार पाहत नाही, फक्त स्टाइलचे नाव पाहते. त्रेचाळीस शीर्षकांपैकी बेचाळीस आली. मी प्रत्येक आकडा पानाशी ताडून पाहिला, सगळे बरोबर निघाले. ओळी मोजल्या नाहीत.

अंक बाजारात गेल्यावर त्या लेखिकेचा फोन आला. तिची ती पहिलीच छापील कथा होती. ती म्हणाली, “ताई, कथा एकशे अठराव्या पानावर आहे, पण अनुक्रमणिकेत मी नाही. शेवटी काढायची ठरली होती का?” नातेवाइकांना अंक देताना ती पान उघडून देत होती.

नियम मी मोडला होता, पद्धतीचा त्यात दोष नव्हता, असे मी आजही म्हणते. पण पेजमेकरवर काम करणारी मी विचारते, की प्रत्येक शीर्षक बोटांखालून जात होते तेव्हा एखादे नाव असे गळाले असते का? तेव्हा आकडे चुकत, माणूस सुटत नसे, हे मला खोडता येत नाही. त्याच वेळी, आकडा चुकल्याने ज्यांचा लेख वाचकाला सापडलाच नाही, त्यांनी मला फोन केला नसेल एवढेच, हेही खरे आहे.

आता अनुक्रमणिका तयार झाल्यावर मी पहिल्या पानापासून अंक उलटते, प्रत्येक शीर्षकावर पेन्सिलीने खूण करते आणि खुणा व ओळी दोन्ही मोजते. तुम्ही म्हणता तो अर्धा तास त्यात जातो.